पिल्लू बस चालवतं

गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाला खेटून, एक सलून आहे. आत खुर्च्या दोन. एक गिऱ्हाइकाची आणि एक वर्तमानपत्रांची, कारण या दुसऱ्या खुर्चीचा पंप गेल्यापासून तिच्यावर बसलेला माणूस हळूहळू खाली जात राहतो आणि दाढी संपेपर्यंत आरशात त्याचं नुसतं कपाळ उरतं. मालकाचं नाव पाटीवर रंगवलेलं होतं, ते उन्हाने खाल्लं. कुणाचं काही अडलं नाही. लहानथोर सगळे त्याला होयबा म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि तो ओ देतो.

हे नाव त्याला फुकट मिळालेलं नाही. दुकान नुकतंच टाकलं होतं तेव्हाची गोष्ट. खुर्चीत एक तापट गिऱ्हाईक बसलं होतं आणि गल्लीत गाड्या एकाच बाजूने सोडाव्यात की दोन्ही बाजूंनी यावर बोलत होतं. होयबा तरुण होता, त्यालाही मतं होती. तो म्हणाला, "नाही हो, तसं नाही." गिऱ्हाईक तावातावाने मागे वळलं आणि वस्तरा कानाच्या पाळीला लागला. तुरटी अर्धी झिजली, रुमाल दोन भिजले, आणि गिऱ्हाईक जाताना जे बोललं ते औषधवाल्यानेही ऐकलं. त्या दिवसापासून होयबाने 'नाही' हा शब्द दुकानातून हद्दपार केला.

राहिला 'हो'. पण एकाच शब्दावर धंदा करायचा म्हटल्यावर त्याने त्याचे प्रकार पाडले. साधा 'हो' म्हणजे ऐकतोय. 'हो-हो' म्हणजे मान हलवू नका. लांबवलेला 'होऽऽ' म्हणजे आता दुसरा गाल इकडे करा. आणि 'हो ना' म्हणजे झालं, उठा. हे अर्थ फक्त त्यालाच ठाऊक होते. गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस आपल्या शब्दाबाहेर नाही. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघं जण लागोपाठ दाढी करून गेले आणि दोघांनीही होयबाचं मत आपल्या खात्यात धरलं. होयबा मतदानाला गेलाच नव्हता, दुकानात गर्दी होती.

घरी बायको. तिचं शिवणाचं मशीन खिडकीशी असतं आणि तिची जीभ मशीनपेक्षा जलद चालते. ती त्याला होयबा कधी म्हणत नाही. "अहो" म्हणते, पण त्या एका 'अहो'मध्ये सगळं बसवते. आणि या दोघांचं एकुलतं एक लेकरू, जे आता भलं उंच झालं आहे, ज्याचे खांदे दाराला अडतात आणि जे शहराच्या बस डेपोत ड्रायव्हर आहे. घरात त्याचं नाव पिल्लू.

पिल्लू जन्मलं तेव्हा सुईणीने मुलगा म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. पिल्लूने मात्र कधी मनापासून मानलं नाही. ते बोलायला तिला वेळ लागला, बस चालवायला लागून काही वर्षं गेल्यावर बोलली. आपण या गोष्टीत तिला 'ती'च म्हणणार आहोत, कारण ती तीच आहे आणि गोष्ट आपली आहे. तिच्या बापाला काय म्हणायला जमलं आणि काय नाही, हे पुढे येईलच.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, बाबा, मला एक सांगायचंय. मी मुलगा नाहीये. मी मुलगी आहे. लहानपणापासून आहे. आता तसंच राहणार आहे."

आईने घास खाली ठेवला, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मग युनिफॉर्मचे खांदे आवळावे लागतील. जेवण झालं की माप दे." मग उठून आत गेली, नाक शिंकरलं, आणि मापाची फीत घेऊन परत आली. तिचं जे काय व्हायचं ते तेवढ्यात झालं.

होयबा म्हणाला, "हो-हो."

पिल्लूचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बाबांनी एका शब्दात मान्य केलं. तिला बिचारीला 'हो-हो'चा अर्थ कुठे माहीत होता?

आता होयबाला दुष्ट समजू नका. लेकीवर त्याचा जीव होता, आधी होता तेवढाच, कणभरही कमी नाही. तिने केस वाढवले ते त्यानेच आकारात कापले, आणि असे कापले की डेपोतल्या दोघी कंडक्टर पत्ता विचारत दुकानात आल्या. पण त्याच्या जिभेला एक गाठ बसली होती. 'आला' म्हणायचं नाही, हे त्याला कळत होतं. 'आली' म्हणायला गेला की ज्या मुलाला त्याने खांद्यावर बसवून डेपोतल्या बसगाड्या दाखवल्या होत्या, त्याला आपण दाराबाहेर उभं करतोय असं वाटायचं. तो मुलगा आणि ही मुलगी एकच, हे त्याच्या डोक्याला पटत होतं. जिभेला पटत नव्हतं. आणि भांडण झालं की बाजू न घेता मधून वाट काढायची, हा तर त्याचा धंदाच.

मग त्याने वाट काढली. शाळेत व्याकरणात गटांगळ्या खाल्लेला हा माणूस, पण त्याने अशी मराठी शोधून काढली की ज्यात लेकीला स्पर्शच करावा लागू नये. "जेवलास का", "जेवलीस का" बाद. "जेवण झालं?" सुरू. "झोप लागली?" "चहा घेतला?" "आज कुठला रूट?" "उद्या लवकर उठायचंय का?" सगळ्या वाक्यांत जेवण, झोप, चहा आणि रूट यांची ठासून हजेरी, आणि लेक गैरहजर. अगदीच अडलं तर पिल्लू होतंच. पिल्लू हे मुळातच 'ते'! "पिल्लू आलं का?" "पिल्लू दमलं असेल." दाराला खांदे अडणारी बाई, जी भर गर्दीत लांबलचक बस उलटी घेते, ती घरात आली की बाप म्हणणार, "पिल्लू दमलेलं दिसतंय."

"अहो," बायको म्हणायची, "तुम्ही मराठी बोलता की तार पाठवता? एकेक शब्द मोजून!"

"हो," होयबा म्हणायचा.

पिल्लू मात्र वाट बघत होती. आईला म्हणायची, बाबांना वेळ लागेल, लागू दे. पण रोज संध्याकाळी जिना चढताना तिचे कान पुढे असायचे. कधी कधी ती गळही टाकायची. नवा शर्ट घालून समोर उभी राहायची. "बाबा, मी कशी दिसते?"

"झकास!"

"काय झकास?"

"एकंदर."

ती हसायची. हसून आत जायची, आणि आत गेल्यावर हसायची नाही. हे बायकोला दिसत होतं. होयबालाही दिसत होतं, त्याच्या घरात आरसे काही कमी नव्हते.

अशात डेपोत साहेब बिथरले. डेपोसाहेब म्हणजे डेपोचे मॅनेजर, होयबाचे जुने गिऱ्हाईक, एक शनिवार सोडून एक शनिवार यायचेच. पिल्लूच्या कामाबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. पण तिने नव्या नावाचा बिल्ला लावला, आवळलेल्या खांद्यांचा युनिफॉर्म घातला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्याकडून बसची किल्ली काढून घेतली आणि हातात पाण्याचा पाइप दिला. ड्रायव्हरची धुलाईवर बदली. का? तर म्हणे प्रवासी बिचकतात.

"प्रवासी माझ्या मागे बसतात," पिल्लू म्हणाली. "त्यांना माझी पाठ दिसते. पाठ होती तीच आहे."

साहेब म्हणाले, वाद घालू नकोस. पिल्लूने वाद घातला नाही, सरळ तक्रार केली. कामावर असा दुजाभाव करायचा नाही असा कायदा झालेला होता आणि डेपोच्या भिंतीवर तो काचेच्या चौकटीत लावलेलाही होता. काच रोज पुसली जायची. आत काय लिहिलंय ते साहेबांनी वाचलं नव्हतं. पिल्लू धुलाईवर गेल्यापासून ती काच पुसणं तिच्याकडेच आलं होतं, तिने वाचलं. डेपोच्या तक्रार समितीपुढे सुनावणी ठरली. समितीने तिच्या बाजूने कौल दिला तर बस परत मिळणार होती. नाही दिला, तर उरलेली नोकरी चिखल उडालेली चाकं धुण्यात जाणार होती.

होयबानेही आपल्या परीने लढाई सुरू केली. म्हणजे शनिवारी डेपोसाहेब आले तेव्हा त्याने त्यांना खुर्चीत बसवून, न मागता, डोक्याची मालीश सुरू केली. कपाळ, कानामागे, मानेच्या शिरा. होयबाचा हिशेब असा की माणूस मऊ पडला की निर्णयही मऊ पडतो. साहेब मऊ पडले. डोळे मिटले. फेस लागला, वस्तरा गळ्याशी आला, आणि मिटल्या डोळ्यांनीच साहेब म्हणाले, "होयबा, तुमच्या पोराचं काय चाललंय हे? मला वाईट वाटतं हो. पण तुम्हालाही पटलेलं नाही ना?"

"हो-हो," होयबा म्हणाला. साहेबांची मान हलत होती.

"घरी तुम्ही काही 'ती' म्हणत नसणारच."

"हो-हो."

"म्हणजे बापालाच मान्य नाही. मग प्रवाशांना कसं असेल?"

"होऽऽ," होयबा म्हणाला, आणि साहेबांनी दुसरा गाल इकडे केला.

चार दिवसांनी कळलं की सुनावणीत साहेबांच्या बाजूने एकच साक्षीदार आहे, आणि तो म्हणजे होयबा.

बायकोने मशीन थांबवलं. ती मशीन थांबवून बोलते तेव्हा शेजारचे खिडक्या लावून घेतात. "त्याचा गळा तुमच्या हातात होता," ती म्हणाली. "वस्तऱ्यासकट होता! आणि तुम्ही हो-हो करत होतात?"

"अगं, हो-हो म्हणजे मान हल..."

"तुमची मान हलते, तेवढं पुरे!"

पिल्लू कोपऱ्यात बसून गमबूट पुसत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं बोलू नका माझ्यासाठी. जे आहे ते सांगा." आणि पुन्हा बूट पुसू लागली. होयबाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझी मु... माझी मु..." पाणी प्यायला. गडबडीत कैची खाली पडली. "पडली," तो स्वतःशी म्हणाला आणि थबकला. त्याने मुद्दाम वस्तरा टेबलावर टाकला. "पडला." मग मानेभोवती गुंडाळायचं फडकं टाकलं. "पडलं." जमत होतं की सगळं! कैची ती, वस्तरा तो, फडकं ते. आजवर एकदाही चुकलं नव्हतं. आणि कैचीला ती का, म्हणून त्याने कधी दाखला मागितला नव्हता. तिने ती असायचं, आपण ती म्हणायचं, मिटलं. त्याने हिंमत केली, "कैची पडली, मु..."

"काय काय पाडताय हो?" औषधवाला दारात उभा होता, दाढीला आलेला. तालीम तिथेच आटोपली.

सुनावणी डेपोच्या वरच्या हॉलमध्ये होती. डिझेलचा वास, घडीच्या खुर्च्या, पंख्याची कुरकुर. समितीत तिघं: अध्यक्षबाई, ज्या चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून वरून बघत होत्या, कर्मचाऱ्यांतर्फे एक बाई, आणि एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत पंख्याकडे बघत होते, कारण तो त्यांच्याच डोक्यावर होता. मागे ड्रायव्हर-कंडक्टरांची गर्दी. होयबाच्या शेजारी, त्याला दाबून बसवल्यासारखी, बायको. पिल्लू मात्र आलेली नव्हती. सकाळी ती कसल्या तरी कागदासाठी संघटनेच्या कचेरीत गेली होती, तिथून बसने येणार होती, आणि बस येत नव्हती.

"थांबूया का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझा साक्षीदार तयार आहे," डेपोसाहेब म्हणाले. "दुकान टाकून आलेत बिचारे."

होयबा उभा राहिला. हात नकळत खिशातल्या कंगव्याकडे गेला.

"तक्रारदार तुमचं अपत्य?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"घरी काय हाक मारता?"

"पिल्लू."

मागे कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं, खुसखुस थांबली.

"हे पिल्लू काय काम करतं?" साहेबांनी विचारलं. त्यांना आता मजा वाटू लागली होती.

"पिल्लू बस चालवतं," होयबा म्हणाला.

या वेळी पंख्याकडे बघणारे गृहस्थसुद्धा हसले. होयबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चालवतं!" साहेब समितीकडे वळले. "बघा. चालवतो म्हणवत नाही, चालवते म्हणवत नाही. जन्मदात्या बापाला! घरातच ज्याचा पत्ता नाही, त्याच्या हातात मी गाडीभर माणसं द्यायची?"

"एक मिनिट," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या होयबाकडे वळल्या आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलल्या. "काका, घाबरू नका. साधा प्रश्न आहे. तुम्हाला मुलगा आहे की मुलगी?"

होयबाने खिशातला कंगवा बाहेर काढला. सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला.

आता मात्र कुणी कुणाला आवरेना. कंडक्टर एकमेकांच्या खांद्यावर पडले. बायकोने कपाळाला हात लावला. डेपोसाहेबांनी दोन्ही हात पसरून समितीकडे बघितलं, म्हणजे आता मी काय सांगू! आणि होयबा मधोमध उभा, हातात कंगवा, डोळ्यांत पाणी. आयुष्यभर ज्या शब्दाने त्याला सांभाळलं, तोच आज लेकीची बस घेऊन चालला होता आणि तो बघत उभा होता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पिल्लू. धापा टाकत, घामाने निथळत, इस्त्रीचा युनिफॉर्म पाठीला चिकटलेला, केस सुटून तोंडावर. बस आलीच नव्हती. येणार कुठून? चालवणारी माणसं धुलाईवर पाठवल्यावर गाड्या आपोआप थोड्याच सुटतात? निम्मं शहर ती पायी आली होती.

होयबाने तिला बघितलं आणि त्याचा संयम सुटला.

"कुठे उलथली होतीस इतका वेळ?" तो कडाडला. हा आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता, घरानेसुद्धा क्वचितच. "इथे सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत आणि तू आत्ता उगवतेस! मला एकट्याला यांच्या तावडीत देऊन कुठे बसली होतीस? आणि हे केस! बाप लोकांचे केस कापून पोट भरतो आणि मुलगी बघा, चार माणसांत कशी आली आहे, झिपऱ्या सोडून! ये इकडे!"

आणि भर सुनावणीत, अध्यक्षबाईंच्या टेबलासमोर, त्याने तिला घडीच्या खुर्चीत बसवलं आणि हातातल्या कंगव्याने तिचे केस विंचरायला घेतले. हॉल गप्प झाला होता. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. होयबाला वाटलं, आपण ओरडलो म्हणून सगळे गप्प आहेत.

पिल्लू हलत नव्हती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "काय म्हणालात?"

"म्हणालो, कुठे उलथली होतीस! बहिरी झालीस काय?"

"नाही," ती म्हणाली. "चांगलं ऐकू आलं." आणि रडायला लागली. मग होयबाचा कंगवा केसांत अडकला तो अडकलाच, कारण आपण काय बोलून बसलो हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

"हे पढवून आणलेलं आहे!" डेपोसाहेब उठले.

"छे हो," समितीतल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या. "मला दोन मुली आहेत. असं रागवायला कुणी शिकवत नाही."

साहेब होयबाकडे वळले. "होयबा, त्या शनिवारी खुर्चीत तुम्ही माझ्याशी सहमत होतात. हो-हो म्हणालात की नाही? सांगा!"

होयबाने कंगवा सोडवला, खिशात ठेवला. "म्हणालो," तो म्हणाला. "हो-हो म्हणजे मान हलवू नका. तुमच्या गळ्याला वस्तरा लागलेला होता साहेब. मी कुणालाच नाही म्हणत नाही, लागतं."

"मग?"

"आता वस्तरा नाहीये. तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, तुम्हालाही पटलेलं नाही ना, घरी ती म्हणत नाही ना. म्हणत नव्हतो. ती माझी चूक. तिची नाही. ती लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तुमच्या बसगाड्या मोजायची. तेव्हाही तीच होती, मला उशिरा कळलं. आणि बस तिला देऊ नये, असं जे तुम्ही म्हणता, त्याला माझं उत्तर..." इथे तो अडखळला. इतक्या वर्षांत तो शब्द कुणाला उत्तर म्हणून दिला नव्हता, कुठे ठेवलाय ते आठवावं लागलं. "नाही," होयबा म्हणाला. आणि डेपोसाहेबांनी, कुणी कापलं नसताना, कानाला हात लावला.

निकाल आठवड्याने लागला. पिल्लूची बस तिला परत मिळाली आणि साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर माफी मागावी असं ठरलं. ती त्यांनी इतकी पुटपुटत मागितली की मागच्या रांगेला वाटलं, साहेब पाण्याची टाकी भरल्याचं सांगताहेत. पिल्लूने हात वर करून "साहेब, ऐकू नाही आलं," म्हटलं, तेव्हा त्यांना ती पुन्हा मागावी लागली. हल्ली साहेब दाढीला दुसरीकडे जातात. दोन्ही कल्ले एका उंचीचे नसतात.

प्रवासी बिचकले का? पहिल्या दिवशी एक आजोबा बिचकले, पण ते चुकीच्या बसमध्ये चढले होते म्हणून. बाकीच्यांनी पाठ बघितली, ती होती तीच होती.

होयबाचं नाव अजून होयबाच आहे, गल्लीला दुसरं नाव शोधायला सवड नाही. दुकानात तो अजूनही हो-हो म्हणतो, वस्तरा हातात आहे तोवर म्हणावंच लागतं. पण वस्तरा खाली ठेवला, गिऱ्हाईक उठलं, की कधी कधी म्हणतो, "मघाशी तुम्ही म्हणालात ना, ते मला पटलं नाही." दोन गिऱ्हाइकं तुटली. औषधवाला उलट रोज येऊन बसू लागला, वाद घालायला.

आणि निकाल लागला त्या दिवशीची संध्याकाळ. बायको आत मशीनवर होती. होयबा दाराशी पाय सोडून बसला होता, कान जिन्याकडे. पावलं वाजली, जड, ओळखीची.

"कोण आलं हो?" आतून बायकोने विचारलं.

"पिल्लू आली," होयबा म्हणाला.

मशीन थांबलं. "आली काय? पिल्लू आलं म्हणतात. शाळेत शिकला नाहीत वाटतं?" बायकोचा आवाज मात्र हसत होता, आणि जरा घोगरा झाला होता.

दारात पिल्लू बुटाची नाडी सोडत होती. नाडी सुटली तरी ती तशीच वाकून राहिली, मान खाली घालून.

"नाही," होयबा म्हणाला. "आली."